अक्षरातून किती काढता येते: एका भूमितीय शीर्षक-फॉन्टची घडण

खगोलशास्त्रावरील एका प्रदर्शनासाठी शीर्षकांचा फॉन्ट घडवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मागणी मोजक्या शब्दांत होती. रोमन कॅपिटल अक्षरे, अंक आणि मराठीसाठी लागणारी संपूर्ण देवनागरी एकाच कुळातली दिसावीत. त्यांची घडण भूमितीय असावी. त्यांच्याकडे पाहताच उद्याच्या काळाचा भास व्हावा. आणि तीच अक्षरे भिंतीवर, पडद्यावर आणि कापलेल्या धातूच्या पत्र्यातही वापरता यावीत. यांपैकी ‘उद्याच्या काळाचा भास’ ही अपेक्षा सर्वांत निसरडी होती. प्रत्येक पिढीने आपल्या हाती आलेल्या नव्या यंत्राकडे पाहून भविष्य कल्पिलेले असते, आणि त्या कल्पनेचा ठसा त्या पिढीच्या अक्षरांवर उमटलेला असतो. म्हणून रेखाटनाला हात घालण्यापूर्वी मी जुने नमुने समोर मांडून बसलो.

भूमितीय अक्षरांच्या दोन वाटा त्यांतून स्पष्ट दिसतात. पहिली वर्तुळाची. पाउल रेनर यांचा फुटुरा हा फॉन्ट १९२७ साली बाउअर टाइप फाउंड्रीने प्रसिद्ध केला. तो वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन यांच्या आधाराने उभा आहे, आणि १९६९ साली अपोलो ११ मोहिमेने चंद्रावर ठेवलेल्या फलकावरील मजकूर त्याच अक्षरांत आहे. दुसरी वाट गोलसर कोपऱ्यांच्या चौकोनाची. इटलीतील नेबिओलो या टाइप-कारखान्यासाठी अलेस्सांद्रो बुत्ती आणि आल्दो नोव्हारेसे यांनी १९५२ साली मायक्रोग्रामा हा केवळ कॅपिटल अक्षरांचा टाइप तयार केला, आणि नोव्हारेसे यांनी १९६२ साली त्याला लहान अक्षरांची जोड देऊन युरोस्टाइल घडवला. त्यातील रोमन ‘ओ’ जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या पडद्याच्या आकाराचा आहे. मी दुसरी वाट निवडली आणि त्याचे कारण देवनागरीत होते. काना शिरोरेखेला जेथे मिळतो तेथे आपल्या लिपीत आधीच काटकोन आहे, त्यामुळे चौकोन तिच्यात अंगचाच असल्यासारखा बसतो. वर्तुळाच्या वाटेने देवनागरी साधत नाही असे मुळीच नाही. पॉपिन्स या फॉन्टने ते उत्तम साधले आहे. पण ‘राजधानी’ नावाचा चौकोनी बांध्याचा फॉन्ट पाहिला की यंत्राच्या जगाशी त्याचे नाते लगेच जाणवते, आणि मला ते नाते हवे होते.

नमुन्यांकडे बराच काळ पाहिल्यावर माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. जी अक्षरे भविष्यवेधी वाटतात त्यांच्यात बहुधा काहीतरी कमी केलेले असते. डोळ्याला अपेक्षित असलेली एखादी रेघ तेथे नसते, आणि ती नसतानाही अक्षर ओळखू येते. त्या क्षणिक अडखळण्यातून आणि लगेच होणाऱ्या ओळखीतून नवेपणाचा भास निर्माण होतो. रिचर्ड डॅन आणि ब्रूस ब्लॅकबर्न यांनी १९७५ साली नासासाठी केलेल्या अक्षरचिन्हात दोन्ही ‘ए’ आडव्या रेघेविना आहेत. ते चिन्ह १९९२ साली मागे घेतले गेले आणि २०२० साली पुन्हा अग्निबाणावर झळकले. इतक्या वर्षांनंतरही ते जुने वाटले नाही याचे श्रेय मी त्या गाळलेल्या दोन रेघांना देतो. याच विचाराचे दुसरे टोक डच रेखनकार विम क्राउवेल यांच्या १९६७ सालच्या न्यू आल्फाबेटमध्ये आहे. कॅथोड किरणांच्या नळीवर वक्र रेषा तुटक उमटतात म्हणून त्यांनी वक्र आणि तिरप्या रेघा जवळजवळ संपूर्ण वगळल्या व फक्त आडव्या-उभ्या रेघांची अक्षरे केली. त्यांतील काही अक्षरे शेजारी नेहमीचे रूप ठेवल्याखेरीज ओळखता येत नाहीत. क्राउवेल यांनी तो प्रयोग म्हणूनच मांडला होता, आणि प्रयोग म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो, कारण काढून टाकण्याची मर्यादा कोठे आहे हे तो नेमके दाखवतो. या दोन टोकांमध्ये माझी अक्षरे कोठे उभी राहतील हा पुढच्या सगळ्या कामाचा प्रश्न झाला.

रोमन अक्षरांचा सांगाडा हजार एककांच्या चौकटीत आखला. उभ्या रेघेची जाडी, कोपऱ्याची गोलाई आणि दोन रेघांमधील पोकळी ही तीन मापे ठरवली की बहुतेक अक्षरांचे पहिले रूप आपोआप उभे राहते, आणि हे काम खरोखर लवकर होते. ‘ओ’ हा गोलसर चौकोन. त्याची उजवी बाजू उघडली की ‘सी’. उघडलेल्या बाजूला आत वळणारी रेघ दिली की ‘जी’. त्यानंतर काढण्याचे प्रयोग सुरू केले. ‘ए’ची आडवी रेघ काढली, ‘ई’चा उभा दांडा काढून तीन आडव्या पट्ट्या ठेवल्या, ‘आर’चा पाय मूळ अक्षरापासून किंचित तोडला. सुटी अक्षरे अतिशय देखणी दिसत होती, परंतु शीर्षक सुट्या अक्षरांचे नसते, म्हणून पारख मी फक्त शब्दांवर केली. ओळखीच्या शब्दात आडव्या रेघेविना ‘ए’ सहज वाचला जातो, कारण शेजारची अक्षरे त्याला सांभाळून घेतात. खगोलशास्त्रात मात्र एम ३१ किंवा एनजीसी २२४ अशी नावे येतात (ही दोन्ही देवयानी दीर्घिकेचीच आहेत), आणि अशा नावांत अंदाजाने वाचायला काहीच आधार नसतो. ‘बी’ आणि आठ, ‘एस’ आणि पाच, ‘झेड’ आणि दोन, ‘ओ’ आणि शून्य या जोड्या चौकोनी घडणीत एकमेकींच्या फारच जवळ येतात.

यावर सापडलेला उपाय मला या फॉन्टमधील सर्वांत समाधानाचा वाटतो. ज्या अक्षराला कणा, म्हणजे मुख्य उभी रेघ, आहे, त्याच्या कण्याकडील कोपरे धारदार ठेवायचे आणि बाकीचे गोल करायचे, असा एकच नियम सर्वत्र लावला. त्यामुळे ‘बी’ची डावी बाजू काटकोनी झाली आणि आठाचे चारही कोपरे गोल राहिले, ‘डी’ आणि ‘ओ’ लांबूनही वेगळे दिसू लागले, पाचाचा वरचा डावा कोपरा धारदार झाल्याने तो ‘एस’पासून दूर गेला. शून्यात तिरपी रेघ दिली. रेघ गाळलेली ‘ए’ आणि ‘ई’ची रूपे टाकून दिली नाहीत, ती ओपनटाइप या फॉन्ट-फाइलच्या प्रचलित स्वरूपात असलेल्या शैलीसंचात पर्यायी रूपे म्हणून ठेवली, म्हणजे मोठ्या, ओळखीच्या शब्दासाठी ती मागवता येतात आणि तारकासूचीतील नावांत ती आपण होऊन येत नाहीत.

येथपर्यंतचे सारे मोजपट्टीने होण्यासारखे होते. यापुढचे काम डोळ्याचे, आणि भूमितीय फॉन्टमध्ये ते इतर फॉन्टपेक्षा अधिक कठोर असते, कारण अक्षर जितके साधे तितका त्यातील सूक्ष्म दोष उघडा पडतो. सारख्याच जाडीच्या दोन रेघा घेतल्या तर आडवी रेघ उभीपेक्षा जाड दिसते. म्हणून उभी रेघ १२० एककांची असताना आडवी १०८वर आणली, आणि तेव्हा कोठे त्या सारख्या वाटू लागल्या. गोल कडेचे अक्षर सपाट अक्षराइतकेच उंच केले तर बुटके दिसते, त्यामुळे ‘ओ’ वर-खाली थोडासा बाहेर काढावा लागतो. माझ्या अक्षरांच्या कडा बऱ्याच सपाट असल्याने हे बाहेर काढणे पूर्ण वर्तुळाच्या फॉन्टमध्ये लागते त्यापेक्षा कमी पुरले. ‘एच’ची आडवी रेघ मोजून मध्यावर ठेवली तर खाली घसरल्यासारखी वाटते, म्हणून ती किंचित वर घेतली. आठाचा आणि ‘एस’चा वरचा भाग खालच्यापेक्षा लहान ठेवला नाही तर अक्षर डोक्यावर जड होते. दोन रेघा जेथे मिळतात तेथे काळेपणा साठतो, आणि तो कमी करण्यासाठी सांध्याजवळ रेघ निमुळती करावी लागते. कंपासाने काढल्यासारखा वाटणारा फुटुराही आपल्या सांध्यांजवळ अशीच रेघ बारीक करतो. तात्पर्य इतकेच की शुद्ध भूमितीचा भास टिकवण्यासाठी शुद्ध भूमिती जागोजागी मोडावी लागते, आणि ती कोठे मोडली आहे हे वाचकाला कधीही कळता कामा नये.

कोपऱ्यांच्या गोलाईने बराच वेळ घेतला. सरळ रेघेला वर्तुळाचा चतुर्थांश जोडला की गणिताने जोड निर्दोष असतो, पण वक्रता एका बिंदूवर शून्यावरून एकदम ठरावीक मूल्यावर उडी घेते, आणि मोठ्या आकारात डोळा ती उडी टिपतो. जोडाच्या जागी किंचित फुगवटा असल्यासारखे दिसते. छापील पानावर हे कदाचित कोणाच्या लक्षातही येणार नाही, परंतु माणसाच्या उंचीएवढ्या अक्षरात ते लपत नाही. यावर उपाय म्हणजे अतिलंबवर्तुळाचा, म्हणजे लंबवर्तुळ आणि आयत यांच्या मधल्या आकाराचा, वक्र. डॅनिश गणितज्ञ आणि कवी पीट हाइन यांनी स्टॉकहोममधील सेर्गेल चौकासाठी २.५ घातांकाचा असा वक्र सुचवला होता. त्यात सरळपणाकडून गोलाईकडे जाणे हळूहळू होते. मी बाहेरच्या कडेला याच कुळातील वक्र वापरला आणि आतल्या पोकळीला थोडी कमी गोलाई दिली, कारण आत-बाहेर गोलाई सारखी ठेवली की कोपऱ्यातली रेघ जाड होते. बेझिए वक्राचे, म्हणजे संगणकावर अक्षराची कड आखणाऱ्या वक्राचे, बिंदू अक्षराच्या टोकाच्या जागी, म्हणजे सर्वांत वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या ठिकाणी ठेवले, आणि अनावश्यक बिंदू एकही राहू दिला नाही.

देवनागरीकडे वळल्यावर काढून टाकण्याचा सारा विचार नव्याने करावा लागला. भविष्यवेधी देवनागरी म्हटले की पहिली कल्पना शिरोरेखा वगळण्याची सुचते, आणि ती मीही कागदावर उतरवून पाहिली. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’, ‘य’ आणि ‘थ’ या जोड्यांत शिरोरेखा पूर्ण आहे की सुरुवातीला तुटलेली आहे, हा ओळखीचा मोठा आधार असतो. शिरोरेखाच नसली तर तो आधार जातो आणि या अक्षरांना दुसऱ्या कोणत्या तरी खुणेने वेगळे करावे लागते. गुजराती लिपी शिरोरेखेविना चालते, पण तिच्या अक्षरांची वळणे त्या अभावाला धरूनच घडत गेली आहेत. आपल्या वाचकाला प्रदर्शनाच्या भिंतीसमोर उभे करून नवे वळण शिकवणे मला योग्य वाटले नाही. दुसरी कल्पना अक्षराचा बांधा कान्यापासून किंचित सुटा ठेवण्याची. ‘ग’, ‘ण’ आणि ‘श’ यांत काना मुळातच सुटा असल्यामुळे ही रीत लिपीला परकी नाही. परंतु ‘ख’मध्ये ती लावताच ते ‘रव’ वाचले जाते. याच गोंधळामुळे प्रमाण वर्णमालेत ‘ख’चा खालचा भाग जोडून घेतलेला आहे. ‘व’ आणि ‘ब’ यांचे पोट कान्यापासून सोडवले की त्यांचीही ओळख पातळ होते.

अखेर काढण्यासारखे सापडले ते गाठीत. ‘म’, ‘भ’, ‘ख’ यांतील गाठ बोरूच्या वळणातून आलेली आहे, आणि जाड, एकसारख्या रेघेत तिची पोकळी इतकी बारीक होते की ती बुजतेच. तेथे गाठीऐवजी डावीकडे थोडीशी बाहेर येणारी आडवी पट्टी ठेवली. शब्द न अडखळता वाचता आला, घाट स्वच्छ झाला, आणि रोमन अक्षरांत धारदार कोपऱ्याने जो स्वभाव आणला होता तोच येथे या पट्टीने आणला. बोरूच्या तिरप्या कापामुळे येणारा जाड-बारीक रेघांचा खेळ या घडणीत ठेवता येत नव्हता. मात्र ‘झ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ळ’ यांसारख्या दाट अक्षरांत सर्व रेघा सारख्या ठेवल्या की ती शब्दात काळ्या डागासारखी दिसतात. त्यांच्या आतल्या रेघा मी सरसकट बारीक केल्या आणि त्यांना अधिक रुंदी दिली.

शिरोरेखेच्या वरची जागा हा स्वतंत्र विषय होता. ‘मूर्तींचे’ या शब्दात वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच जागी दाटी करतात. अशा सर्व जुळण्यांसाठी एकत्र घडवलेली वेगळी रूपे केली, कारण तीन सुटी चिन्हे आपापल्या जागी ठेवून ती दाटी कधीच नीट बसत नाही. अनुस्वाराचा ठिपका रेघेच्या जाडीएवढाच ठेवला तर एकटा असल्याने लहान वाटतो, म्हणून तो थोडा मोठा, गोलसर कोपऱ्यांचा चौकोन केला. मराठीपुरत्या काही गोष्टींवर मी अडून राहिलो. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीतील वळणांहून वेगळी आहेत, आणि ओपनटाइपमध्ये भाषेनुसार रूप बदलण्याची सोय असल्याने मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदलेली असली की तीच येतात. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे वेगळे शब्द आहेत, त्यामुळे अर्ध्या ‘र’चे आडवे रूप रफाराइतक्याच काळजीने घडवले; शीर्षकाच्या फॉन्टमध्ये ते अनेकदा वाळीत टाकले जाते, याचे मला नेहमी वाईट वाटत आले आहे.

अक्षरांमधील अंतराच्या बाबतीत दोन्ही लिपी एकदम वेगळ्या दिशांना गेल्या. रोमनमध्ये ‘एच’ आणि ‘ओ’ यांची अंतरे आधी बसवून बाकीची अक्षरे त्यांच्याशी जुळवली, आणि ‘ए’-‘व्ही’, ‘एल’-‘टी’ अशा जोड्यांना कर्निंग, म्हणजे त्या जोडीपुरते वेगळे अंतर, दिले. या प्रकारच्या फॉन्टची रोमन शीर्षके अक्षरे दूरदूर ठेवूनच मांडली जातात, आणि त्या मोकळेपणाने अवकाशाचा भास वाढतो. देवनागरीत अक्षरे दूर केली की शिरोरेखा तुटते व शब्द फुटतो. तेथे मोकळेपणा अंतरातून न आणता अक्षराच्या अंगच्या रुंदीतून आणावा लागला. म्हणून रुंदी बदलता येईल असा परिवर्तनशील फॉन्ट केला. हे तंत्र २०१६ साली ओपनटाइपमध्ये आले. रुंदी वाढली तरी कोपऱ्याची गोलाई तीच राहते आणि फक्त सरळ भाग लांबतो, त्यामुळे ताणलेल्या अक्षराला येणारा फताडेपणा टळतो. गोलसर चौकोनाची निवड येथे पुन्हा उपयोगी पडली, कारण वर्तुळ रुंद केले की ते वर्तुळ राहत नाही. शिरोरेखेची टोके दोन्ही बाजूंनी काही एकके बाहेर काढून शेजारच्या अक्षरावर चढवली. तसे केले नाही तर पडद्यावर दोन अक्षरांमध्ये केसाएवढी फट चमकते.

वापर सुरू झाल्यावर सर्वांत आधी जाडीचा प्रश्न आला. प्रदर्शनातील बहुतेक मजकूर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा होता, आणि अशी मांडणी रेघेला फुगवते. उजेड कडेबाहेर पसरल्यासारखा दिसतो आणि बारीक पोकळ्या मिटतात. गडद पार्श्वभूमीसाठी मी किंचित बारीक जाडीची स्वतंत्र आवृत्ती दिली. उलटी मोजणी दाखवणाऱ्या पडद्यासाठी सर्व अंक एकाच रुंदीचे केले, नाहीतर अंक बदलताना संपूर्ण ओळ थरथरते. एक या अंकाला पायाशी आडवी पट्टी दिली म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना पडणारी रिकामी जागा भरून निघते. दिशादर्शक पाट्यांवर हा फॉन्ट फक्त दालनाच्या नावापुरता ठेवला. वस्तूंखालील माहितीसाठी तो वापरायचा नाही, हे मी वापराच्या सूचनांत पहिल्याच ओळीत लिहिले. गोलसर चौकोनांच्या अक्षरांची अंगे एकमेकांसारखी असतात. एका शब्दात ते सौंदर्य असते, पण परिच्छेदात डोळ्याला धरायला वेगळेपण उरत नाही. माहितीच्या मजकुरासाठी साधा, वाचनाचा वेगळा फॉन्ट निवडला आणि त्याची शिरोरेखा माझ्या शीर्षकांच्या शिरोरेखेशी प्रमाणात राहील एवढे पाहिले.

धातूच्या पत्र्यात कापण्याच्या दोन पद्धती होत्या. एकीत अक्षर म्हणजे पत्र्यातले भोक, आणि मागून उजेड येतो. तेथे ‘प’, ‘ष’, ‘म’ यांच्या शिरोरेखेखालची बंद पोकळी निराधार होऊन गळून पडते, म्हणून तिला पत्र्याशी बांधणारे पूल ठेवावे लागतात, म्हणजेच रेघ तोडावी लागते. आधी बाजूला ठेवलेला तुटक रेघांचा विचार अशा रीतीने गरज म्हणून परत आला, आणि कोणती रेघ कोठे तोडली असता अक्षर टिकते हे आधीच तपासलेले असल्याने पुलांच्या जागा लवकर ठरल्या. ‘ख’ला पूल फक्त त्याच्या पोटात दिला, खालच्या जोडाला हात लावला नाही. दुसऱ्या पद्धतीत अक्षर हाच कापलेला तुकडा असतो. रोमन शब्दाचे प्रत्येक अक्षर वेगळे कापून, अंतर मोजून भिंतीवर बसवावे लागते. देवनागरीत शिरोरेखा शब्दाला एकत्र धरते, त्यामुळे शब्द बहुधा एकाच तुकड्यात निघतो आणि दोन खिळ्यांवर टांगता येतो; ‘ग’ आणि ‘श’ यांचे सुटे कानेही शिरोरेखेलाच लटकलेले असल्याने हरवत नाहीत. सुटा पडतो तो मुख्यतः अनुस्वार. त्यासाठी एक पर्यायी रूप केले, ज्यात तो चौकोन शिरोरेखेवर दोन बारीक पायांनी उभा आहे, आणि जेथे रफार आहे तेथे रफाराच्या वळणालाच चिकटला आहे. हे रूप कापण्याच्या आवृत्तीपुरतेच ठेवले आहे. पडद्यावरच्या आणि छापील शीर्षकांत अनुस्वार मोकळाच राहतो.